इतिहास-भूगोलाच्या तासावरून अर्थशास्त्राच्या वर्गात

नमस्कार श्रोतेहो. आजचं बोलणं सगळ्यांसाठी आहेच, पण खास करून हायस्कूलला इतिहास-भूगोल शिकवणाऱ्या सर-मॅडमसाठी आहे, म्हणजे सामाजिक शास्त्रांचे शिक्षक असं आपण ज्यांना म्हणतो ते. तुमच्यापैकी कितीतरी जणांना मनातून अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवायचंय, मला भेटतात लोक, विचारतात, मॅडम आमचं बी.ए. इतिहासात झालंय, आम्हाला जमेल का, कागदोपत्री चालेल का. चालेल. मी स्वतः भूगोलाची बी.ए., बारा वर्षं आठवी ते दहावीला भूगोल शिकवला आणि मग ज्युनिअर कॉलेजला अर्थशास्त्रावर आले, तिथूनच रिटायर झाले. त्यामुळे जे सांगतेय ते वाट चालून सांगतेय.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या, तुम्ही अर्थशास्त्र आत्ताही शिकवताय. आपल्या बोर्डाचं नववीचं भूगोलाचं पुस्तक २०१७ साली आलं, त्यातला आठवा धडाच 'अर्थशास्त्राशी परिचय' आहे आणि त्याच्या मागोमाग 'व्यापार'. दहावीला भारत आणि ब्राझीलची तुलना करताना अर्थव्यवस्था आणि व्यवसाय येतात. इतिहासाच्या तासाला दादाभाई नौरोजी आले की तुम्ही संपत्तीच्या निःसारणाचा सिद्धांत सांगता, म्हणजे इथली संपत्ती इंग्लंडला वाहून जाते हा, आता तो काही नुसता इतिहास नाही हो, दादाभाईंनी १८६७-६८ सालासाठी हिशेब मांडून हिंदुस्थानातल्या माणसाचं सरासरी वार्षिक उत्पन्न २० रुपये काढलं होतं, आणि बारावीला जो राष्ट्रीय उत्पन्नाचा धडा आहे त्याची सुरुवात आपल्याकडे तिथून होते. इतक्या जवळ येऊन थांबलेले असतो आपण.

आता कागद. पेन जवळ असेल तर घ्या. अकरावी-बारावीला शिकवायची देशपातळीवरची किमान पात्रता एनसीटीईने, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने, २०१४ च्या नियमांत ठरवलीय, संबंधित विषयात किमान ५० टक्क्यांनी पदव्युत्तर पदवी आणि सोबत बी.एड. यातला 'संबंधित विषयात' हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा, कारण इतिहासाचं एम.ए. कितीही उत्तम गुणांनी केलेलं असलं तरी अर्थशास्त्राच्या पदासाठी ते उपयोगाचं नाही, अर्थशास्त्रातच एम.ए. लागतं. बी.एड. तुमच्याकडे आहेच, नाहीतर हायस्कूलला लागलाच नसता. म्हणजे तुमच्यात आणि त्या पदात एका एम.ए.चं अंतर आहे. आपल्या राज्यातल्या खासगी अनुदानित शाळांसाठी १९८१ ची सेवाशर्ती नियमावली आहे, तिची अनुसूची ब, पात्रता दिल्यात ती, एकदा डोळ्यांखालून घाला, शाळेच्या ऑफिसात प्रत असते, क्लार्ककडे मागितली की मिळते.

दोन गैरसमज इथेच काढून टाकते. एक, नेट-सेट लागते का? ज्युनिअर कॉलेजला नाही लागत, ती सीनियर कॉलेजच्या सहायक प्राध्यापकासाठी. चांगली हुशार माणसं या गैरसमजापायी वर्षानुवर्षं अर्जच करत नाहीत, मला फार वाईट वाटतं. दुसरा, टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, लागते असा. ती पहिली ते आठवीसाठी आहे. नव्याने भरतीत उतरायचं असेल तर मात्र शिक्षक भरतीचं सरकारी पवित्र पोर्टल आणि त्यासाठीची अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, टेट म्हणतात ती, २०० मार्कांची, त्यातले १२० अभियोग्यतेचे आणि ८० बुद्धिमत्तेचे. टीईटी आणि टेट, नावं इतकी सारखी की स्टाफरूममध्ये निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

केंद्रीय विद्यालयाकडे डोळा असेल तर तिथे पीजीटी इकॉनॉमिक्सला, म्हणजे अकरावी-बारावीच्या अर्थशास्त्र शिक्षकाच्या पदाला, अर्थशास्त्र, उपयोजित अर्थशास्त्र किंवा व्यवसाय अर्थशास्त्र यांतलं एम.ए. ५० टक्क्यांनी, बी.एड. आणि हिंदी-इंग्रजी दोन्हीतून शिकवता येणं मागतात. एम.कॉम. त्या यादीत नाही, ते कॉमर्सच्या पदासाठी. आणि गोव्यातले श्रोते ऐकत असतील तर तिकडेही हायर सेकंडरीला त्या विषयातलं एम.ए. आणि बी.एड. हाच पाया आहे, शिवाय कोकणी यावी लागते.

नोकरी करत एम.ए. कसं करायचं? बाहेरून. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, इग्नू त्याही आधीपासून, १९८५ ची, आणि पुणे, मुंबई, कोल्हापूरच्या विद्यापीठांचे दूरशिक्षणाचे विभाग आहेत. इग्नूला अर्थशास्त्राच्या एम.ए.ला कुठल्याही शाखेचा पदवीधर प्रवेश घेऊ शकतो, बी.ए.ला अर्थशास्त्र असलंच पाहिजे असं नाही, आणि जानेवारी, जुलै असे वर्षातून दोनदा प्रवेश होतात. बाकी ठिकाणी अट वेगळी असू शकते म्हणून माहितीपत्रक वाचल्याशिवाय पैसे भरू नका. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ज्या वर्षी प्रवेश घेताय त्या वर्षी त्या विद्यापीठाच्या त्या अभ्यासक्रमाला यूजीसीच्या दूरशिक्षण ब्युरोची मान्यता आहे का ते वेबसाइटवर बघा आणि त्या पानाची प्रिंट काढून फाइलला लावा. कोपऱ्यावरच्या सेंटरवाला सांगतो, मान्यता आहे हो मॅडम, काही काळजी करू नका, त्याच्या तोंडी सांगण्यावर पुढची वीस वर्षं लावू नका.

आणि प्रवेशाच्या आधी, परत सांगते, आधी, संस्थेकडे उच्च शिक्षणासाठी पूर्वपरवानगीचा अर्ज द्या आणि परवानगीचं पत्र लेखी घ्या. मी हे केलं नव्हतं. मुख्याध्यापकांनी तोंडी सांगितलं, करा की मॅडम, चांगलंच आहे, आणि मी केलं. सहा वर्षांनी पदोन्नतीचा प्रस्ताव गेला तेव्हा पूर्वपरवानगीची प्रत नाही म्हणून तो परत आला, तोवर ते मुख्याध्यापक निवृत्त होऊन गावी गेलेले. नंतर झालं सगळं, पण एक शैक्षणिक वर्ष गेलं माझं, आणि त्या वर्षी मुलांना तासिका तत्त्वावरचे, म्हणजे तासागणिक मानधनावरचे, तीन शिक्षक बदलून मिळाले, ते मला जास्त लागलं. म्हणून सांगते, परवानगीचं पत्र, प्रवेशाची पावती, सगळ्या मार्कशीट, पदवी प्रमाणपत्र, आणि निकाल ग्रेडमध्ये असेल तर त्याचे टक्के किती होतात तो विद्यापीठाचा दाखला, हे सगळं एका फाइलला ठेवा आणि पास झाल्या झाल्या सेवापुस्तकात नोंद करून घ्या. माझ्या एका सहकाऱ्याला ४८ टक्के पडले होते, त्यांना दोन पेपरला परत बसून श्रेणीसुधार करावी लागली, तेव्हा नुसतं पास होण्यावर समाधान मानू नका.

एवढं झालं म्हणजे पद मिळालं असं मात्र नाही, हे खरं ते सांगायला हवं. संचमान्यतेत, म्हणजे किती शिक्षक मंजूर त्या सरकारी हिशेबात, अर्थशास्त्राचा कार्यभार, म्हणजे पुरेसे तास हवेत, जागा रिकामी हवी, आरक्षणाच्या बिंदुनामावलीत ती कुठल्या बिंदूवर आहे ते बघतात, मग संस्थेचा ठराव, मग शिक्षण उपसंचालकांची वैयक्तिक मान्यता. थांबावं लागतं. पण अर्थशास्त्र आर्ट्सलाही आहे आणि कॉमर्सलाही, दोन्हीकडे मुलं असतात, त्यामुळे हातात पात्रता असलेल्या माणसाला कधी ना कधी संधी येते, आणि ती येते तेव्हा पात्रता आधीच हातात असावी लागते, जागा निघाल्यावर दोन वर्षांचं एम.ए. सुरू करून काय उपयोग.

बरं, आता माझ्या जिव्हाळ्याचं. कागदाला लोक भीत नाहीत, गणिताला भितात. एम.ए.ला संख्यात्मक पद्धतींचा पेपर असतो, अकरावीला विभाजन मूल्यं आहेत, म्हणजे आकडेवारीचे सारखे भाग पाडणं, बारावीला निर्देशांक आणि मागणीची लवचिकता. इतिहासवाले तर सरळ सांगतात, आकडे आले की आमचं डोकं चालत नाही. भूगोलवाल्यांना मी विचारते, क्षेत्रघनी नकाशा शिकवता ना? तालुक्यांची आकडेवारी चढत्या क्रमाने लावायची, तिचे गट पाडायचे, मग फिक्या रंगापासून गडद रंगापर्यंत छटा द्यायच्या. चतुर्थकं म्हणजे तरी दुसरं काय हो? आकडे चढत्या क्रमाने लावायचे आणि चार सारखे भाग पाडायचे. सात मुलांचे मार्क ओळीने लावले तर सात अधिक एक आठ, भागिले चार, दोन, म्हणजे दुसऱ्या मुलाचे मार्क हे पहिलं चतुर्थक. झालं. रंगपेटी बाजूला ठेवली एवढाच फरक.

आकृत्यांचं मात्र तसं नाही, तिथे खरोखर घासावं लागतं. माझं पहिलंच वर्ष, बारावीचा वर्ग, मी मागणीची आकृती काढली, उभ्या अक्षावर किंमत, आडव्यावर नगसंख्या, वक्र डावीकडून उजवीकडे खाली उतरणारा, आणि सांगितलं की कांदा महागला की मागणीचा ऱ्हास होतो. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला, घरी कांद्याची शेती, म्हणाला, मॅडम, मग मागच्या पानावर संकोच लिहिलंय ते काय? मी गडबडले. घरी जाऊन पुस्तक परत काढलं. किंमत बदलली म्हणून मागणी कमी झाली तर तो संकोच, आपण त्याच वक्रावर वर सरकतो. किंमत तीच राहिली आणि दुसऱ्याच कुठल्या कारणाने मागणी घटली, समजा श्रावण लागला आणि घराघरात कांदा बंद झाला, तर तो ऱ्हास, अख्खा वक्रच डावीकडे सरकतो. दुसऱ्या दिवशी वर्गात गेले, काल माझं चुकलं म्हणून सांगितलं आणि त्याच मुलाला फळ्याजवळ बोलावलं, त्याने श्रावणातला कांदा असा समजावला की पुढे सगळी वर्षं मी तेच उदाहरण वापरलं.

यातून मला कळलं ते असं, की इतिहास-भूगोलात आपण सांगतो, आणि अर्थशास्त्रात सांगितलेलं पुरत नाही, 'बाकी सगळं तसंच राहिलं तर' असं म्हणून एकेक धागा वेगळा ओढून बघावा लागतो. इतिहासाच्या शिक्षकाला ही सवय लावून घ्यायला वेळ लागतो कारण त्याला एका घटनेची दहा कारणं सांगायची सवय असते. एम.ए.ची दोन वर्षं खरं तर या सवयीसाठी वापरा. रोज एक आकृती, पुस्तक मिटून, हाताने काढायची, अक्षांना नावं द्यायची आणि खाली तीन वाक्यात मराठीत लिहायचं की ही रेषा अशी का जाते. लिहिता नाही आलं तर समजलेलं नाही. मी हे स्वयंपाकाच्या ओट्यावर वही ठेवून केलंय.

पण एकदा ते हातात बसलं की मग तुमच्या जुन्या विषयाची जी पुंजी आहे ती बाहेर येते बघा, आणि इथे नुसतं अर्थशास्त्र शिकून आलेल्यापेक्षा तुम्ही पुढे असता. अकरावीला 'भारतातील दारिद्र्य' शिकवताना पुस्तकातली व्याख्या वाचून दाखवता येते, किंवा सांगता येतं की पुण्याच्या गोखले संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ या दोघांनी १९७१ साली देशातल्या दारिद्र्याचा अभ्यास मांडला आणि माणसाला दिवसाला २२५० कॅलरी मिळतील इतका खर्च करता येतो का, या मापाने गरिबी मोजली. मग मुलांना वहीत कालचं जेवण लिहायला लावायचं. बेरोजगारीच्या धड्याला १९७२ चा दुष्काळ आणि आपल्या राज्याची रोजगार हमी योजना, आजी-आजोबांना विचारून या म्हणायचं, खडी फोडायला कोण गेलं होतं, सुकडी कोणी खाल्ली होती, घरोघर सापडतं कोणीतरी. १९९१ चं आर्थिक धोरण शिकवताना परकीय चलन जेमतेम दोन आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलं होतं आणि देशाला सोनं गहाण टाकावं लागलं, हे सांगितलं की सोनं गहाण टाकणं म्हणजे काय हे शेतकऱ्याच्या मुलीला वेगळं समजवावं लागत नाही, वर्ग एकदम शांत होतो.

म्हणून मला वाटतं की जागा भरायची म्हणून कोणालाही अर्थशास्त्राचे तास देऊन टाकतात ना, ते बंद व्हायला पाहिजे. विषय न शिकलेला शिक्षक आकृत्या सोडून देतो, 'या परीक्षेला येत नाहीत' म्हणतो, आणि तीच मुलं पुढे बी.कॉम.ला, स्पर्धा परीक्षेला जाऊन अडतात. तुम्हाला तास दिले असतील आणि पात्रता नसेल तर शिकवा, नाही म्हणू नका, मुलांना कोणीतरी हवं, पण त्याच वर्षी एम.ए.चा फॉर्म भरा.

आणि एक, घरच्यांना सांगून ठेवा. परीक्षा बहुतेक वेळा नेमक्या शाळेच्या पेपर तपासणीच्या दिवसांत येतात, माझ्या सासूबाईंनी त्या दोन वर्षांत किती संध्याकाळी मुलांना सांभाळलं त्याचा हिशेब नाही. परीक्षेचं वेळापत्रक आलं की त्याच दिवशी रजेचा अर्ज मुख्याध्यापकांकडे द्या, शेवटच्या आठवड्यावर ठेवलात तर पर्यवेक्षणाच्या यादीत तुमचं नाव आधीच लागलेलं असतं.

वेळ होत आली, इथेच थांबते. नमस्कार.