वर्गाचा ताळेबंद

नमस्कार श्रोतेहो.

केमिकल इंजिनिअरिंगला गेलेल्या मुलाला सुरुवातीलाच ताळेबंद मांडायला शिकवतात. टाकीत जेवढं आलं त्याचा हिशेब लागलाच पाहिजे. त्या विषयाचं एक गाजलेलं पाठ्यपुस्तक १९७८ साली दोघांनी मिळून लिहिलं. त्यातले एक, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाचे प्राध्यापक रिचर्ड फेल्डर. पुढे त्यांनी हाच हिशेब वर्गाला लावला. आत आलेली मुलं मध्येच गळतात, ती कुठे आणि का?

१९९०मध्ये त्यांनी एक तुकडी हाती घेतली आणि सलग पाच सत्रं तिला एकेक विषय स्वतः शिकवला. तास मध्येच थांबवून प्रश्न द्यायचे, गृहपाठ गटानं करायला लावायचे. नेहमीच्या पद्धतीनं शिकलेल्या तुकडीपेक्षा या तुकडीतली जास्त मुलं शेवटपर्यंत टिकली.

पण मला महत्त्वाचं वाटतं ते त्याच तुकडीतल्या मुलींबद्दलचं निरीक्षण. प्रवेशाच्या वेळी त्यांची तयारी मुलांच्या तोडीची, कुठे कुठे सरसही होती. तरी पुढे त्यांचा आत्मविश्वास खचत गेला. पेपर वाईट गेला की मुलगे म्हणायचे, अभ्यास कमी पडला किंवा आमच्यावर अन्याय झाला. मुली म्हणायच्या, आपल्यातच कुवत नाही. बरं, पेपर चांगला गेला तरी मुली श्रेय मदत करणाऱ्याला द्यायच्या. गुणपत्रिका कितीही तपासा, हे तिच्यात दिसत नाही.

गंमत म्हणजे फेल्डर यांचं नाव जास्त झालं ते दुसऱ्याच गोष्टीमुळे. कुणी चित्रातून शिकतं, कुणी शब्दांतून, अशी शिकण्याच्या शैलींची मांडणी त्यांनी मानसशास्त्रज्ञ लिंडा सिल्व्हरमन यांच्यासोबत १९८८मध्ये केली. शैलीबरहुकूम शिकवलं की जास्त समजतं, या समजुतीला पुरेसा पुरावा नाही, असं मानसशास्त्रज्ञांच्या २००९च्या आढाव्यात निघालं. वर्गातल्या सहभागाचं मात्र तसं नाही. २०१४मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले गेले. नुसत्या व्याख्यानांच्या वर्गात सरासरी शंभरातले ३४ नापास, मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गात २२.

फेल्डर आणि शिक्षणतज्ज्ञ रिबेका ब्रेंट वर्षानुवर्षं प्राध्यापकांच्या कार्यशाळा घेत आले. त्यांचा भर साध्या गोष्टींवर. प्रश्न टाकला की हात वर करणाऱ्यालाच उत्तर विचारू नका. सगळ्यांना मिनिटभर जोडीनं खटपट करू द्या, मग कुणालाही उठवा. आपल्यावरही पाळी येऊ शकते म्हटल्यावर मागच्या बाकावरचाही वही उघडतो. सुरुवातीला मुलं कुरकुरतात, सर शिकवतच नाहीत म्हणतात. म्हणून हे सगळं कशासाठी चाललंय ते पहिल्याच तासाला सांगून टाकायचं, तक्रार यायच्या आधी.