पऱ्हाटीपासून भोंग्यापर्यंत

(निमाड, इंदूरच्या दक्षिणेचा कापूसपट्टा. कपाशीची वेचणी.)

बोंड नीट बघा. कापूस मऊ, पण वाळलेल्या सालीची टोकं बोटं ओरबाडतात. ओटी भरते, गाठोडं बांधलं जातं. याच गाठोड्यांनी इंदूरचं नशीब पालटलं.

त्याआधी माळव्यात पैसा म्हणजे अफू. चीनला जाणाऱ्या अफूवर सराफ्यातल्या पेढ्या चालायच्या. अशा दिवसांत, 1866 च्या सुमारास, दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी सरकारी खर्चानं कापडाची मिल काढली. तेव्हा इंदूरला रेल्वे नव्हती! यंत्रांचे अवजड भाग रस्त्यानं घाट चढून आले. पुढे रेल्वेसाठी महाराजांनीच इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं. संस्थानानं सरकारला कर्ज दिलं, हे इंदूरच्या मुलांना कुणी सांगतं का?

(पातळपाणी. घाटातला जुना लोहमार्ग.)

खंडव्याहून नर्मदा ओलांडून हा मार्ग इंदूरला पोचला. आता कापूस मुंबईला जाऊ शकत होता, आणि इथेच कापड होऊन बाजारातही येऊ शकत होता. चीनला जाणारी अफू बंद झाली तेव्हा इंदूर उघड्यावर पडलं नाही. मालवा, हुकुमचंद, स्वदेशी, कल्याणमल, राजकुमार अशा मिल उभ्या राहिल्या. शेतकऱ्याला घराजवळ गिऱ्हाईक मिळालं, परदेशीपुरा, पाटनीपुरा या मिलजवळच्या वस्त्या माणसांनी भरल्या. घड्याळ नसलेली घरं मिलच्या भोंग्यावर उठायची.

(शेतरस्ता. बैलगाडी.)

कापूस संशोधनासाठी 1924 मध्ये इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड इंदूरला आले. पऱ्हाटी, म्हणजे वेचणीनंतर उरलेली कपाशीची झाडं, कुजता कुजत नाही. हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी ती शेतरस्त्यावर पसरली. गाड्यांच्या चाकांखाली, बैलांच्या खुरांखाली ती चिरडली, मग शेण-मातीबरोबर खड्ड्यात गेली. कंपोस्टची ही पद्धत आजही जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते.

(हुकुमचंद मिल. बंद फाटक, चिमणी.)

12 डिसेंबर 1991 ला ही मिल बंद पडली. 5,895 कामगारांच्या थकबाकीचा निकाल लागायला 2023 उजाडलं.

(अनंत चतुर्दशीची रात्र. झांक्या.)

मिल बंद आहेत, झांक्या, म्हणजे गाड्यांवरचे देखावे, मात्र अजून निघतात. मिलच्या कामगारांनी वर्गणी काढून, रात्री जागून त्या उभ्या केल्या. ही गाडी हुकुमचंदची. मागून मालवा येतेय.