डाव्या हाताची थापी

श्रोतेहो, नमस्कार. मला विषय दिलाय ‘कलेतून स्वतःची ओळख’. विषय मोठा, वेळ पाच मिनिटं. त्यातली निम्मी माझा ढोल खाणार, हे आधीच सांगून ठेवते.

ओळख विचारली की आपण नाव सांगतो, आडनाव सांगतो. बाई असेल तर कुणाची सून, कुणाची आई. पण हातात ब्रश आला, पेटी आली, नुसता शाडूचा गोळा आला, की हात वेगळंच काही सांगायला लागतो. आपल्या त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके बघा. जन्म 1870 चा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकले, फोटो काढले, छपाई केली, जादूचे प्रयोगसुद्धा केले. लोकांना वाटलं असेल, याचं एक काही धड नाही. 1913 साली पहिला चित्रपट पडद्यावर आला तेव्हा गृहस्थ चाळिशीपार होते, आणि आधीची एकेक विद्या तिथं कामाला आली. जादूसकट!

म्हणून म्हणते, हाताला काहीतरी करू द्या. पुन्हा सांगते, आधी करू द्या. परीक्षा नंतर. हल्ली पोरगं रंगपेटी उघडतंय तोच आई विचारते, एलिमेंटरीला कधी बसवायचं? विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, पुढं आपल्या नाशिकच्या पंचवटीत आश्रम करून राहिले. गाणं साध्या घरांत पोचावं ही त्यांची धडपड. आपण त्याचं प्रमाणपत्र करून भिंतीवर टांगलं. असो.

तर ढोल. बावन्नाव्या वर्षी मी ढोल पथकात गेले. खरं तर लेकीला सरावाला सोडायला गेले होते, तिथंच राहिले. ढोल कमरेला बांधला. उजव्या हातात टिपरू, म्हणजे वाजवायची काठी, आणि डाव्या हाताची थापी. टिपरू दोन दिवसांत जमलं. थापी काही जमेना. पोरांची थापी ढोलाच्या पानावर, म्हणजे ताणलेल्या पडद्यावर, पडते आणि लगेच उठते. माझी पडायची आणि जराशी सरकायची. एका संध्याकाळी पथकप्रमुखानं सगळ्यांना थांबवलं. माझ्या लेकीच्या वयाचा मुलगा. म्हणाला, “काकू, ढोल वाजवताय की भाकरी थापताय?”

सगळं मैदान हसलं. लेकही हसली, ते मी विसरलेले नाही.

घरी आले, बाजरीचं पीठ मळलं, परातीत गोळा ठेवला आणि डोळे मिटून थापायला लागले. थप, थप, सरक. थप, थप, सरक. भाकरी फिरायला नको का! पोरगं अगदी बरोबर बोललं होतं.

आता एक सांगायचं राहिलं. मी जन्माची डावरी. शाळेत पट्टी खाऊन लिहिणं उजव्या हाताला गेलं, घरी डोळे वटारून जेवणं उजव्या हाताला गेलं. (तुमच्या घरात डावरं मूल असेल तर कृपा करून त्याच्या मागं लागू नका. एवढं ऐका माझं.) भाकरी थापताना मात्र कुणी बघत नव्हतं, ती तेवढी डाव्या हातात राहिली. लग्नानंतर सासूबाईंनी बघितली. “डाव्या हाताची भाकरी देवाला चालत नाही,” म्हणाल्या. तेव्हापासून घरातल्या भाकरी मी थापायची आणि नैवेद्याची त्या.

आठ दिवस मी थापी सुधारायला बघितली. हात ऐकेना. शेवटी पथकप्रमुखानं मला मागच्या रांगेत, कडेला उभं केलं.

अनंत चतुर्दशीला रविवार कारंज्यावर नातेवाइकांच्या गॅलरीत सासूबाई बसल्या होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळं दिसण्याचा प्रश्नच नाही. खाली गुलाल, ताशे, आमचे ढोल. रात्री उशिरा घरी आले तेव्हा खांदे भरून आले होते. त्या जाग्याच होत्या.

“मागं कडेला तूच होतीस ना?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“अगं, तीस वर्षं भिंतीपलीकडून ऐकतेय. तेवढ्या गलक्यात तुझी भाकरी सरकत होती.”

तुम्ही म्हणाल, इतक्या ढोलांत एक थापी कशी ऐकू येईल? लेकसुद्धा म्हणते, आजीला कुणीतरी सांगितलं असणार. असेल बाई. मी काही चौकशी केली नाही. पाणी प्यायले, ढोलाच्या पट्ट्यानं कंबर सोलवटली होती तिथं खोबरेल लावलं, आणि दिवा मालवायला गेले.

तर अंधारातून सासूबाई म्हणाल्या, “पण नैवेद्याची मीच थापणार हं.”

नमस्कार.