थांबण्याचा क्षण

(दृश्य: रिकामं कोर्ट. लाकडी फरशीवर बूट करकचून घासल्याचा आवाज.)

२८ एप्रिल २०१२. शिकागो. एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगच्या त्या वर्षीच्या प्लेऑफमधला, म्हणजे बाद फेऱ्यांमधला, शिकागो बुल्सचा पहिलाच सामना. फिलाडेल्फियावर १२ गुणांची आघाडी आहे आणि घड्याळात दीड मिनिटही उरलेलं नाही. चेंडू डेरिक रोजकडे. आदल्याच वर्षी, वयाच्या २२व्या वर्षी, तो लीगच्या इतिहासातला सर्वांत तरुण एमव्हीपी, म्हणजे हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू, ठरलाय. तो नेहमीसारखा वेगाने आत घुसतो, दोन्ही पायांवर एकदम थांबतो, पुन्हा उसळी घेतो. आणि हवेतच चेंडू सोडून देतो. खाली येतो तो डावा गुडघा धरूनच.

कोणी धक्का दिलेला नव्हता. कोणाच्या पायावर पाय पडलेला नव्हता.

फाटला होता एसीएल. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना गुडघ्याच्या आतून बांधून ठेवणारा लिगामेंट. पुढचा अख्खा हंगाम डेरिक कोर्टवर उतरला नाही.

(दृश्य: सराव. खेळाडू धावतात, थांबतात, वळतात. गती मंद.)

बास्केटबॉल म्हटलं की डोळ्यांसमोर येतात उड्या. पण हवेत असताना शरीराला काही होत नाही. जे होतं ते जमिनीवर, आणि त्यातही थांबताना. पूर्ण वेगात असलेलं नव्वद-शंभर किलोचं शरीर दोन पावलांत थांबवायचं, तर तो सगळा भार गुडघा, घोटा आणि पोटरी यांनी पेलायचा असतो. गुडघा पुरेसा वाकलेला नसेल, किंवा आतल्या बाजूला झुकला, तर स्नायूंऐवजी लिगामेंटवर ताण येतो. अशा दुखापतींच्या चित्रफिती एकेक फ्रेम पुढे सरकवत तपासल्या गेल्या आहेत. पाय जमिनीला टेकल्यावर साधारण ४० मिलिसेकंदांत एसीएल फाटलेला असतो. ‘सावर’ असा निरोप मेंदूकडून पायापर्यंत पोहोचायलाही यापेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणजे त्या क्षणी खेळाडूच्या हातात काहीच नसतं. जे असतं ते आधीच्या कित्येक महिन्यांत शरीराला लागलेलं वळण.

म्हणून ‘दैव आडवं आलं’ हे वाक्य मला पटत नाही.

डेरिक रोजची शैलीच अशी होती की हा क्षण एका सामन्यात कितीतरी वेळा यायचा. वेगाने घुसणं, झटक्यात थांबणं, दिशा बदलून पुन्हा उसळणं. त्यात तो हंगामही विचित्र होता. मालक आणि खेळाडू यांच्यातल्या वादामुळे स्पर्धा नाताळच्या दिवशी सुरू झाली आणि चार महिन्यांत ६६ सामने कोंबले गेले. प्रत्येक संघाला निदान एकदा सलग तीन रात्री खेळावं लागलं. डेरिकची पाठ दुखावली, जांघ दुखावली, पायाचा अंगठा आणि घोटाही. ६६ पैकी तो फक्त ३९ सामने खेळला. ‘अतिखेळामुळे दुखापत’ हे सोपं उत्तर इथे अपुरं पडतं ते यामुळेच. त्याच्या वाट्याला अति भार आला तसा खंडित भारही आला. आठवडाभर बाहेर, मग एकदम पूर्ण तीव्रतेचा सामना, पुन्हा बाहेर. शरीराला भार सोसतो. भारातली अचानक चढ त्याला सोसत नाही.

(दृश्य: टेंडनचं साधं रेखाचित्र. तंतू तुटतात, पुन्हा विणले जातात.)

यामागचं कारण पेशींच्या पातळीवर आहे. टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा पट्टा. जोरदार व्यायामानंतर त्यातले जुने तंतू मोडतात आणि नवे तयार होतात. दोन्ही कामं सोबतच सुरू होतात, पण पहिला दिवस-दीड दिवस मोडणं जास्त आणि बांधणं कमी असतं. त्यानंतर पारडं फिरतं आणि टेंडन आधीपेक्षा मजबूत होऊ लागतो. आता सलग दोन रात्रींचे सामने आठवा. दुसरा सामना नेमका त्या दीड दिवसाच्या आत येतो. एकदा आला तर काही बिघडत नाही. महिनोन्‌महिने येत राहिला तर हिशेब तुटीत जातो.

हाडांचंही असंच. याओ मिंगची उंची २ मीटर २९ सेंटीमीटर. एनबीएतल्या पहिल्या तीन हंगामांत त्याने ८२, ८२ आणि ८० सामने खेळले, आणि हंगाम संपला की चीनच्या राष्ट्रीय संघासाठी उतरायचं. विश्रांतीचा उन्हाळा असा नाहीच. २००८च्या फेब्रुवारीत डाव्या पावलाला स्ट्रेस फ्रॅक्चर झालं, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला तडा गेला, शस्त्रक्रिया झाली, आणि त्याच ऑगस्टमध्ये तो बीजिंग ऑलिम्पिकमध्ये खेळत होता. पुढच्या वर्षी तेच पाऊल पुन्हा मोडलं. २०११ साली, वयाच्या तिशीत, तो निवृत्त झाला. त्याच्या खेळात डेरिक रोजसारखी झेप नव्हती. तो बास्केटजवळ उभा राहून खेळायचा. इथे धोका शैलीपेक्षा शरीराच्या आकारातून आणि न मिळालेल्या विश्रांतीतून आला. इतक्या गुणी खेळाडूचं पाऊल बरं व्हायला कोणी वर्षभर थांबलं असतं तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

(दृश्य: जुनं फुटेज. पिक-अँड-रोल, शांत पास.)

दुसऱ्या टोकाला जॉन स्टॉकटन. १९ हंगाम, १,५०४ सामने. इतक्या वर्षांत हुकले फक्त २२. त्याचा खेळ जमिनीवरचा. पिक-अँड-रोलमध्ये सहकाऱ्याच्या आडोशातून अचूक पास, अर्धं पाऊल आधी दिसलेली मोकळी जागा. एका माणसावरून सिद्धांत मांडता येत नाही, पण त्याच्या खेळात ते झटक्याचे क्षण कमी होते एवढं उघड दिसतं.

मग प्रश्न उरतो, शैली बदलता येते का? स्टीफन करीकडे पाहा. २०११-१२च्या त्याच हंगामात त्याचा उजवा घोटा इतक्यांदा मुरगळला की तो जेमतेम २६ सामने खेळला. एका वर्षाच्या आत त्या घोट्यावर दोन शस्त्रक्रिया. करीची सगळी जादू वेग बदलण्यात आहे, आणि ती काढून घेतली तर करी उरत नाही. त्यामुळे त्याच्या प्रशिक्षकांनी खेळ तसाच ठेवला आणि भाराची जागा बदलली. वळताना, थांबताना जो ताण घोटा एकटा सोसत होता, तो खुब्याच्या आणि नितंबांच्या मोठ्या स्नायूंकडे न्यायचा. डेडलिफ्ट, एका पायावरचा तोल, खुब्यातून वाकण्याचा सराव. पुढच्या चार हंगामांत तो ७८, ७८, ८० आणि ७९ सामने खेळला, आणि त्यातल्या शेवटच्या दोन्ही वर्षी एमव्हीपी झाला. बाहेरून पाहणाऱ्याला तो तोच करी होता. आतून त्याचा ब्रेक दुसऱ्या ठिकाणी बसवलेला होता.

(दृश्य: तीन गुणांच्या रेषेबाहेर चेंडू फिरतो. बचावपटू धावत सुटतात.)

शैली एकट्या खेळाडूची नसते, संपूर्ण खेळाचीही असते. २०११-१२मध्ये एनबीएचा संघ एका सामन्यात तीन गुणांचे साधारण १८ प्रयत्न करायचा. २०२४-२५मध्ये ३७हून अधिक. मैदान पसरलं. बचावपटूला आता आतून रेषेपर्यंत धाव घ्यावी लागते, नेमबाजासमोर हात वर करून थांबावं लागतं, आणि त्याने चकवलं तर लगेच वळावं लागतं. याला क्लोजआउट म्हणतात. हा थांबण्याचाच क्षण आहे, फक्त त्याची मोजदाद गुणफलकावर होत नाही. याच धावेत बचावपटूचा पाय नेमबाजाच्या खाली गेला तर नेमबाजाचा घोटा जातो. २०१७च्या प्लेऑफमध्ये कावाय लेनर्डचा असाच गेला, आणि पुढच्या हंगामापासून नेमबाजाची उतरण्याची जागा अडवण्याकडे पंच अधिक कडकपणे पाहू लागले.

पोटरीला टाचेशी जोडणाऱ्या अकिलीस टेंडनची गोष्ट थोडी उलटी. तो फाटतो थांबून पुन्हा सुटताना. मागचा पाय टेकलेला, टाच खाली, गुडघा सरळ, आणि पुढे झेपावण्याचा जोर. कोबी ब्रायंट, १२ एप्रिल २०१३. वय ३४. दोन दिवसांपूर्वीच तो पूर्ण ४८ मिनिटं खेळला होता. टेंडन फाटल्यावरही त्याने दोन्ही फ्री थ्रो टाकले आणि मगच बाहेर गेला. २०२५च्या एकाच प्लेऑफमध्ये लिलार्ड, टेटम आणि हॅलिबर्टन या तिघा खेळाडूंचे अकिलीस गेले. हॅलिबर्टनची पोटरी आधीपासून दुखावलेली होती.

मग खेळाडूंना बसवून ठेवणं हा उपाय आहे का? लेनर्ड २०१८-१९मध्ये ८२ पैकी ६० सामने खेळला आणि त्याच्या टोरंटो संघाने विजेतेपद पटकावलं. भार कमी राहावा म्हणून असं मुद्दाम बसवण्याला ‘लोड मॅनेजमेंट’ म्हणतात. हा शब्द घराघरांत पोहोचला. पण २०२४च्या सुरुवातीला लीगने जाहीर केलेल्या अहवालात, सामने चुकवल्याने पुढच्या दुखापती कमी होतात असं काही दिसलं नाही. मला याचं आश्चर्य वाटत नाही. ज्याला बसवतात तो बहुधा आधीच कुठेतरी दुखावलेला असतो. शिवाय सामना हा भाराचा एक तुकडा. सराव, जिम, प्रवास, अपुरी झोप हे सगळं त्याच शरीरावर पडतं.

हा भार मोजायला उपग्रहाची यंत्रणा लागत नाही. सराव संपल्यावर प्रत्येकाला विचारायचं, आज किती जड गेलं, दहापैकी सांग. आलेल्या आकड्याला मिनिटांनी गुणायचं. ६० मिनिटांचा सराव आणि उत्तर आठ, तर ४८०. तोच सराव दुसऱ्याला पाच वाटला, तर ३००. एकच सराव, दोन वेगळे भार. चार आठवडे हे वहीत लिहिलं की कोणाचा आकडा अचानक उडी घेतोय ते दिसू लागतं.

(दृश्य: मुलींचा संघ. वॉर्मअप. खोक्यावरून उतरण्याचा सराव.)

मुलींमध्ये एसीएल फाटण्याचा धोका मुलांपेक्षा दुपटीहून अधिक असतो. आणि उतरण्याचा, थांबण्याचा नेमका सराव वॉर्मअपमध्येच नियमित घेतला तर हा धोका जवळपास निम्म्यावर येतो. आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी पंधरा-वीस मिनिटं. ती सुद्धा अनेक संघ ‘वेळ नाही’ म्हणून गाळतात, याचा मला मनापासून राग येतो.

या मुलींची प्रशिक्षक फार बोलत नाही. पाठ फिरवून उभी राहते आणि ऐकते. पहिली मुलगी उतरते. धप्प. प्रशिक्षक न वळताच म्हणते, “पुन्हा. गुडघे वाकव, आवाज नको.”

मुलगी परत खोक्यावर चढते.

(काही क्षण शांतता. उडी. मग जेमतेम ऐकू येणारा बुटांचा स्पर्श.)