चुली वेगळ्या, पाणी एक

नमस्कार श्रोतेहो.

मे महिन्यातली दुपार आहे. तुमच्यापैकी निम्मे जण कूलरसमोर बसून हे ऐकत असाल आणि त्याच्या घरघरीत रेडिओचा आवाज वाढवावा लागला असेल. वाढवा. मला बोलायचंय ते याच उन्हाबद्दल, पुढे येणाऱ्या पावसापाण्याबद्दल, आणि त्यावरच्या कामासाठी लहान संस्थांना मिळणाऱ्या लहान लहान अनुदानांबद्दल.

काही वर्षांपूर्वी उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत आमच्या संस्थेने टिनाच्या छतांना चुना मारायचं काम घेतलं होतं. अनुदान एका उन्हाळ्यापुरतं. पांढरं छत ऊन परतवतं, आतला उकाडा 2 ते 5 अंशांनी उतरतो, एवढं आम्हाला ठाऊक होतं. पण पहिल्याच पावसात आमचा चुना नालीत वाहून गेला. समोरच्या माडीवरून तक्रार आली ती वेगळीच, डोळे दिपतात म्हणून. अहवालात आम्ही काय लिहिलं? इतकी छतं रंगवली. बस.

पुढे कळलं की दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या एका संस्थेनं आदल्याच वर्षी हे केलं होतं. त्यांचाही चुना असाच धुऊन गेला होता. मग त्यांनी चुन्यात डिंक घालून पाहिला, तो बऱ्यापैकी टिकला. त्यांनी आम्हाला सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. दोघांचे अहवाल दोन कपाटांत पडून.

लहान अनुदानांचं हे दुखणं जुनं आहे. जागतिक पर्यावरण सुविधा नावाचा जो आंतरराष्ट्रीय निधी आहे, त्याचा लघु अनुदान कार्यक्रम 1992 पासून चालू आहे. बरीच वर्षं एका प्रकल्पाला साधारण 50 हजार डॉलरपर्यंत मिळत, थेट गावपातळीवरच्या संस्थांना. कल्पना चांगलीच आहे. मोठा पैसा जिथे पोचत नाही तिथे लहान पोचतो. पण तो पोचतो सुटा सुटा, एकेकाच्या दारात. आणि पुढच्या वर्षी याच संस्था त्याच देणगीदाराच्या दारात एकमेकींच्या पुढे-मागे रांगेत उभ्या असतात. रांगेतल्या माणसाला आपलं फसलेलं काम कोण सांगेल?

त्यात 2020 मध्ये परदेशी देणगीचा कायदा बदलला. परदेशातून आलेला पैसा एका संस्थेला आता दुसऱ्या संस्थेकडे वळता करता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आली. म्हणजे मोठ्या संस्थेनं रक्कम घ्यायची आणि चार लहानांना वाटून एकत्र काम उभं करायचं, ही वाट तेवढ्यापुरती बंद. चुली वेगळ्याच राहणार. मग भेटीगाठी तरी व्हाव्यात की नाही?

होतात ना! एका हॉटेलच्या हॉलमध्ये. बॅनर, गुलदस्ता, दीपप्रज्वलन, प्रत्येकाला दहा मिनिटं, मग जेवणात पनीर. मी अशा पुष्कळ बैठकांना गेलो आहे, पनीर चांगलं असतं. पण दहा मिनिटांत माणूस आपला चुना वाहून गेला हे सांगत नाही, फोटो दाखवतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की भेट कामाच्या जागी व्हावी, आणि तिच्या गाडीभाड्याची ओळ अनुदानाच्या अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून असावी. उरलेल्या पैशांतून नाही. उरत काही नसतं.

आपल्या नाग नदीचंच घ्या. लाव्हा गावाजवळच्या टेकड्यांतून निघते, अंबाझरी तलावात येते, शहरातून जाते, पुढे कन्हानला मिळते. कन्हान वैनगंगेला मिळते आणि ते सगळं पाणी भंडारा जिल्ह्यात पवनीजवळ गोसेखुर्दच्या धरणात साचतं. 23 सप्टेंबर 2023 ची पहाट नागपूरकर विसरणार नाहीत. काही तासांत 100 मिलिमीटरहून जास्त पाऊस, अंबाझरी ओसंडला, मोरभवनातल्या एसट्या पाण्यात. त्या पाण्यानं वरच्या टेकडीवर झाडं लावणारी संस्था कोणती, वस्तीत विहिरी उपसणारी कोणती, नदीकाठचा कचरा काढणारी कोणती, असं काही पाहिलं नाही.

म्हणून मागच्या हिवाळ्यात आम्ही चार-पाच लहान संस्थांनी मिळून एक गाडी केली आणि पवनीकडे निघालो. पूर्व विदर्भात मालगुजारीच्या, म्हणजे जमीनदारीच्या, काळातले तलाव आहेत, लोक त्यांना मामा तलाव म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी. त्यातल्या काही तलावांत मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजाच्या बायांनी बेशरम नावाची माजलेली परकी वनस्पती उपटून काढली, तळ नांगरला, देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. त्या आल्या तशी देशी मासळीही आली. आमच्यातल्या एकीला अंबाझरीच्या काठासाठी नेमकं हेच हवं होतं. ती चिखलात उतरून कोणती वनस्पती किती पाण्यात लावायची ते विचारत राहिली. दीड तास! हॉलमध्ये तिला दहा मिनिटं मिळाली असती.

आम्ही मात्र शिकवायला आल्यासारखे नदी स्वच्छतेचं सांगत होतो. एक म्हातारी ढीवरीण ऐकत होती. मग म्हणाली, "तुमच्या नागपूरचं घाण पाणी आमच्या जाळ्यात येते. हे कोन्त्या रिपोर्टात लिवता तुम्ही?"

कोणीच बोललं नाही. आमच्या प्रत्येकाच्या प्रकल्पाची हद्द शहराच्या नाक्यावर संपत होती.

परतताना गाडीत अंधार होता. मागच्या सीटवर दोघी जणी मोबाइलच्या उजेडात एका वहीवर काहीतरी काढत होत्या. मी वाकून पाहिलं. लाव्ह्यापासून पवनीपर्यंत एकच रेघ होती, आणि तिच्यावर आमच्या पाचही संस्थांच्या नावांचे ठिपके.