अंगठा उठण्याआधी

(दृश्य : सरकारी रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग. सकाळची रांग.)

केसपेपरवर लिहिलंय, ‘न्हाणीघरात पडल्या.’ प्रश्न आजींना, उत्तरं मुलगा देतो. सिस्टरला हे नवं नाही. ती मुलाच्या हातात चिठ्ठी ठेवते, “खालून औषधं घेऊन या.” तो जिन्याकडे वळला की विचारते, “आजी, बीपीच्या गोळ्या रोज घेता ना?”

एक गोळी दोन दिवस पुरवतात. पेन्शनचं पासबुक आणि एटीएम कार्ड, दोन्ही मुलाकडे.

रक्तदाब का वाढला हे इथं कळलं. पण यावरचा इलाज डॉक्टरांच्या हातात नाही.

(दृश्य : वांद्रे. भाभा रुग्णालय.)

मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेनं २००० साली इथं ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं. घरात मारझोड, छळ सोसणाऱ्या बाईला समुपदेशन आणि कायद्याचा सल्ला, रुग्णालयातच. दवाखान्यात जाते म्हटलं तर घरात कुणी अडवत नाही. वकिलाकडे जाते म्हणून तर बघा! म्हातारी आईसुद्धा इथं येऊ शकते. आजोबांसाठी मात्र असं दार सहसा नाही, आणि ते असायला हवं.

(दृश्य : प्रांत कार्यालय. टेबलावर फायली.)

“पोराला कोर्टात खेचायचं नाही हो. दोन घास नीट घालू दे, बस.” हे समुपदेशकांना हमखास ऐकावं लागतं. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात त्याचीही सोय आहे. प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात साधा अर्ज करायचा. सुनावणीआधी समेटाचा प्रयत्न होऊ शकतो. निर्वाह खर्चाचा निकाल नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत अपेक्षित असतो.

अडतं ते घरापाशी. मुलाच्या नावे बक्षीसपत्र झालेलं असतं. सांभाळण्याच्या अटीवर घर दिलं आणि सांभाळलं नाही, तर कलम २३ खाली ते रद्द होतं. पण अट होती हे दाखवावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयानं मध्य प्रदेशातल्या एका आईला तिची मालमत्ता परत मिळवून दिली. तिच्याकडे मुलानं लिहून दिलेलं वचनपत्र होतं.

बहुतेक आयांकडे असा कागद नसतो. म्हणून कायद्याचा सल्ला सहीच्या आधी मिळायला हवा, आणि तेव्हा त्या भेटतात फक्त दवाखान्यात.

अर्ज करायला स्वतः जाणं जमत नसेल, तर त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्थाही तो करू शकते. चौकशीसाठी एल्डरलाइन या ज्येष्ठांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, १४५६७.