पस्तीस दिवस आणि नंतरचं आयुष्य

१९८० नंतरच्या काही वर्षांत ब्राऊन शुगर, म्हणजे भेसळीचं हेरॉइन, पुण्यात शिरली. लोक तिला गर्द म्हणू लागले. पन्नीवर पावडर, खालून काडीचा जाळ, नळीतून धूर. कॉलेजातली पोरं गंमत म्हणून ओढायची आणि अडकायची. मग ओढलं नाही की टर्की लागायची. हाडं फुटल्यासारखी दुखायची, नाका-डोळ्यांतून पाणी, उलट्या, जुलाब. पुढे पुढे नशा बाजूलाच राहायची, ही टर्की टळावी म्हणून ओढावं लागायचं.

अनिल अवचटांनी या मुलांवर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी एक लाख रुपये पुढे केले. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट तेव्हा येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्याच आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं.

आपल्याकडे दारू सोडवायची म्हणजे देवाची शपथ घालायची, गळ्यात माळ घालायची, नाहीतर खोलीत कोंडायचं. माळेनं सावरलेली माणसं आहेत, त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण कोंडणं जिवावर बेतू शकतं. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली, तर हात थरथरतात, झोप उडते, फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांत भास सुरू होऊ शकतात. म्हणून सुरुवातीला डॉक्टर आणि औषधं हवीतच.

मुक्तांगणमधले उपचार ३५ दिवसांचे. शरीर सावरलं की समुपदेशन, गटचर्चा, योगासनं, वाट्याला आलेली कामं. समजावणाऱ्यांपैकी कितीतरी जण स्वतः या वाटेनं आलेले. त्यांच्यापुढे थापा चालत नाहीत, कारण त्या सगळ्या त्यांनीही मारलेल्या असतात.

खरी कसोटी घरी लागते. पगाराचा दिवस येतो. मित्राच्या लग्नाची वरात निघते. कुणीतरी खांद्यावर हात टाकून म्हणतं, "एकच घे रे, काय होतंय?" त्या एकात माणूस घसरू शकतो. अशा वेळी घरचे म्हणतात, सगळं पाण्यात गेलं. तसं नसतं. हा आजार उलटतो. मधुमेह्याची साखर वाढली म्हणून आपण त्याला घराबाहेर काढत नाही, पुन्हा डॉक्टरकडे नेतो. इथंही तेच करायचं, आणि लवकर करायचं.

आणि बायकोचं काय? इतकी वर्षं तिनं डाळीच्या डब्यात पैसे लपवले, मार खाल्ला, सोसायटीत खोटं बोलली. नवरा शुद्धीत आला म्हणून तिचा विश्वास दुसऱ्या दिवशी परत येत नाही, आणि तिनं तशी घाई करूही नये. तिलाही बोलायला जागा हवी, म्हणून मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी सहचरी गट आहे. स्त्रियांनाही व्यसन लागतं. त्यांच्यासाठी निशिगंध हा वेगळा विभाग आहे.

घरात कुणी अडकलं असेल, तर तो स्वतःहून तयार होण्याची वाट बघत बसू नका. आधी तुम्ही बोला. देशाची व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे १४४४६. फोनला पैसे पडत नाहीत.